हातमोजा उघडताना लाल चौकट आल्यास

*(ग्रंथालयाच्या भिंतीवरचा कागद. चार टाचण्या. तीन वर्षं तिथेच होता.)*

हातमोजा उघडताना लाल चौकट आल्यास
१. घाबरू नका. हा आपल्या आर्वेदचा प्रोग्रॅम आहे.
२. "तरीही चालू द्या" वर दाबा.
३. रोजची कटकट नको असेल तर अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन 'हातमोजा' फोल्डरला तपासणीतून सूट द्या. जमत नसेल तर मला हाक मारा.
४. कॉफीचा कप कीबोर्डपासून लांब ठेवा.
— माइरे, ग्रंथालय

मनगट

हातमोजा मनगटापासून विणायला घेतात, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

आर्वेदने तीस वर्षं फेरीबोटीवरचे रेडिओ दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर त्याने माझ्याकडून प्रोग्रॅमिंगचं एक जाडजूड पुस्तक नेलं. अकरा वेळा मुदत वाढवून घेतली. बाराव्या वेळी मीच म्हटलं, ठेवून घे. त्या पुस्तकातून त्याने बायकोसाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. आमच्या मुहू बेटावरच्या जुन्या हातमोज्याचा फोटो टाकायचा, हाताचं माप सांगायचं, की चौकड्यांचा तक्ता तयार. कुठला टाका नारिंगी, कुठला गुलाबी, बोटांकडे किती टाके कमी करायचे, सगळं. त्याआधी आमच्या बायका हे काम चौकड्यांच्या वहीत पेन्सिलीने करायच्या आणि त्यात एकेक हिवाळा जायचा. प्रोग्रॅमचं नाव त्याने हातमोजाच ठेवलं.

अँटीव्हायरसला तो आवडला नाही. ज्याच्या जगात फारशा प्रती नाहीत, ज्याच्यावर कुठल्या कंपनीची सही नाही, अशा प्रोग्रॅमवर तो लाल चौकट टाकतो. आर्वेद हसला. "ओळखत नाही बिचारा मला. मुहूचा नाही ना तो."

मग मी तो कागद लावला. गुरुवारच्या विणकाम मंडळातल्या सगळ्या बायकांनी आपापल्या घरी तसं केलं. आमच्या बेटावर हे कुणाला वावगं वाटलं नाही. इथे अजूनही कितीतरी दारांना कुलूप नसतं. बाहेर जाताना दाराला केरसुणी टेकवून ठेवायची, म्हणजे घरात कुणी नाही असं समजायचं. केरसुणी ओलांडून कुणी आत जात नाही. मी अठ्ठावन्न वर्षांत कधी गेले नव्हते.

गेल्या वसंतात आर्वेद वारला. या फेब्रुवारीत एका आठवड्यात असा प्रश्न उभा राहिला, की त्याने आम्हाला तीन वर्षं फसवलं होतं का? हा प्रश्न विचारणारी त्याची बायको होती. आस्तामावशी, वय एकोणऐंशी.

नक्षी

जानेवारीतला गुरुवार. साल्मेने नवा संगणक घेतला होता आणि ती दारातूनच ओरडत आली.

"माइरे! अगं आर्वेदचा हातमोजा इंटरनेटवर आहे! चौथी आवृत्ती!"

"तो तिसरीवरच गेला ना?"

"तेच तर! माझी पेनड्राइव्ह सापडेना, म्हणून नावाने शोधलं, तर एका साइटवर फुकट. कुणीतरी पुढे नेतंय बघ त्याचं काम."

आर्वेदने तिसरी आवृत्ती विणणाऱ्यांच्या एका पानावर ठेवली होती, ज्याला हवी त्याने घ्यावी म्हणून. तिथून ती कुणी उचलली ते आम्हाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

आस्तामावशी सुया खाली ठेवून म्हणाली, "रंग किती येतात त्यात?"

"बारा."

"त्याला बाराच करायचे होते." ती चष्मा पुसत खिडकीशी गेली. समुद्र गोठलेला होता, बघण्यासारखं काही नव्हतं. परत आली आणि तिने केकचे तीन तुकडे खाल्ले. एरवी अर्धा खाते.

ग्रंथालयाच्या संगणकावर चौथी आवृत्ती उतरवून उघडली. लाल चौकट आली.

"आला बाई आर्वेद!" साल्मे म्हणाली. सगळ्या हसल्या. मी "तरीही चालू द्या" दाबलं आणि ती सूट दिलेल्या 'हातमोजा' फोल्डरमध्ये ठेवली. नारिंगी-गुलाबी तक्ता नीट उमटला, अगदी सुरेख. मग मी ती आवृत्ती माझ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि त्या आठवड्यात अकरा घरी नेऊन दिली. मावशीकडे सगळ्यांत आधी. तिने मला धुरावलेला मासा बांधून दिला.

उसवलेल्या ओळी

*सोमवार, ९.०५. ग्रंथालयाचा संगणक. ट्रोजन सापडला. क्वारंटाइनमध्ये ठेवला. कृती आवश्यक नाही.*

मी: वाचलं. "कृती आवश्यक नाही" हे फार आवडलं. कॉफी केली.

*मंगळवार, ९.०५. ट्रोजन सापडला. क्वारंटाइनमध्ये ठेवला. कृती आवश्यक नाही.*

मी: आज "कायमचा काढून टाका" दाबलं. कॉफी केली.

*बुधवार, ९.०५. ट्रोजन सापडला.*

मी: तोच. त्याच नावाचा, त्याच जागी, त्याच मिनिटाला. रोज सकाळी फरशीवरचं पाणी पुसायचं आणि छपराकडे बघायचंच नाही, असं माझं चाललं होतं. आज कॉफी केली नाही. जिल्ह्याच्या गावी, कुरेसारेला, काइदीला फोन केला. जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रंथालयांचे संगणक ती बघते.

"काइदी, एक ट्रोजन आहे. रोज मारते, रोज उठतो."

"किती दिवस?"

"तीन."

"आणि फोन आज? बरं. आधी नेटची वायर काढ. संगणक बंद नको करूस, नुसती वायर. काढलीस?"

"काढली."

"आता चौकटीत लिहिलेलं नाव आणि फाईलची पूर्ण जागा कागदावर उतरव. काही पुसू नकोस. पुसलंस तर तो कुठून आला ते मला कळणार नाही."

मी उतरवलं. वाचून दाखवलं.

"हं. हे पिल्लू आहे. संगणक सुरू झाला की कुणीतरी ते नव्याने ठेवतंय. आई दुसरीकडे बसलीय, जिथे अँटीव्हायरस बघत नाही. काय गं, कुठल्या फोल्डरला सूट आहे का?"

मी भिंतीकडे बघितलं.

"माइरे? आहेस ना?"

"एक आहे. हातमोजा."

"म्हणजे?"

"विणकामाचा. गावातल्या एकाने लिहिलेला."

"तो विश्वासाचा?"

"वारला तो."

"ते नाही विचारलं मी. ऐक. ट्रोजन भिंत फोडून येत नाही. त्याला कुणीतरी हाताने आत आणतं, हौसेने. वर काहीतरी कामाचं असतं, आत तो. किती जणांकडे आहे हे?"

"अकरा."

"अरे देवा. सगळ्यांच्या वायरी काढायला सांग. पासवर्ड बदलायचे, पण दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून किंवा फोनवरून. त्याच संगणकावर बदलले तर नवेही त्यालाच मिळतील. आणि ओळखपत्रं? कार्ड संगणकाच्या रीडरमध्ये कुणी ठेवून देतं का?"

साल्मेचं कार्ड दिवसरात्र रीडरमध्येच असतं, साखरेच्या भांड्यात चमचा असावा तसं. बँकेला, सहीला रोज लागतं, मग काढायचं कशाला, असं तिचं म्हणणं.

"एक जण ठेवते," मी म्हटलं.

"एकच असेल तर नशीब. तिला म्हणावं आजच ते रद्द करून नवं मागव. मी शुक्रवारी येते."

(अंगठ्याची जागा)

हातमोजा विणताना तळव्यापाशी आलं, की अंगठ्याचे टाके दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवतात आणि पुढे जातात. तिथे भोक राहतं. शेवटी परत येऊन तो अंगठा विणावाच लागतो, नाहीतर हातमोजा घालता येत नाही.

गुरुवारी सकाळी, बायका येण्याआधी, मी एक गोष्ट केली. ती इथे यायला हवी. दोरा ओवून ठेवते आणि पुढे जाते.

तळवा

गुरुवारी कुणी विणलं नाही. मी काइदीने सांगितलेलं सगळं सांगितलं. वायर, पासवर्ड, कार्ड.

साल्मेच्या नावाने आदल्या दिवशी मुख्य भूमीवरच्या चाळीस विणणाऱ्यांना ईमेल गेली होती. आर्वेदची भेट म्हणून, सोबत चौथी आवृत्ती. तिने एकही पाठवलं नव्हतं.

"माझ्या नावाने!" साल्मे म्हणाली. "आणि खाली 'सस्नेह'. मी आयुष्यात कुणाला सस्नेह लिहिलं नाही!"

"तेवढ्यावरून तरी ओळखतील," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

"म्हणजे तीन वर्षं तो आमच्या घरात डोकावत होता?" एकीने विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? आर्वेद. लाल चौकट पहिल्या दिवसापासून येत होती की नाही? मशीन ओरडून सांगत होतं, आपण ऐकलं नाही."

आस्तामावशी खिडकीशी बसली होती. मांडीवर अर्धा हातमोजा, पाच सुया तशाच अडकलेल्या. तिने माझ्याकडे बघितलं. तिथे दुसरं कुणी नसल्यासारखं.

"पोरी, तुला यातलं कळतं. ते त्याचं होतं का?"

मला नक्की ठाऊक नव्हतं. पण बुधवारपासून मला एवढं कळलं होतं, की ते चौथ्या आवृत्तीबरोबर आलं असणार आणि कुठून शिरलं असणार. तिला उत्तर द्यायला तेवढं पुरेसं होतं.

"मशीन तर तसंच म्हणतंय, मावशी," मी म्हटलं.

तिने लोकर गोळा केली. घाई न करता, गुंडा गुंड्यावर ठेवत. "बरं झालं कळलं," ती म्हणाली. "त्याच्या वह्या उगाच जागा अडवून बसल्यात. शनिवारी न्हायला सॉनाची भट्टी पेटवायची, तर कागद लागतोच."

शुक्रवारी काइदी बसने आली. उंच, रबरी बुटांत, बॅगेत स्वतःचा डबा आणि स्वतःचा संगणक. टेबलाच्या खणात काडेपेटीत ठेवलेली आर्वेदची मूळ पेनड्राइव्ह मी तिला दिली. काडेपेटीवर त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, तिसरी आणि शेवटची, आठ रंग.

तासाभराने तिने मला बोलावलं.

"या दोन फाइली बघ. ही म्हाताऱ्याची, ही साइटवरची. फाइलींनाही बोटांचे ठसे असतात, हे जुळत नाहीत. आकारही बघ, ही तिप्पट. कुणीतरी त्याचा प्रोग्रॅम घेतला, चार रंग वाढवले आणि आत दुसरा माणूस बसवला. तुम्ही नक्षी काढता, तेवढ्यात तो मागचं दार उघडतो."

"आणि आर्वेदची?"

"तीत मला काही दिसत नाही. प्रयोगशाळेत तपासायला पाठवते, सोमवारपर्यंत उत्तर येईल. पण माझं विचारशील तर, स्वच्छ आहे. टाके मोजते, बस. एवढं साधं काम मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं." तिने सँडविचचा घास घेतला. "फक्त या फोल्डरला सूट नसती ना, तर चौथी आवृत्ती पहिल्याच दिवशी पकडली असती. अकरा घरी एकच चूक. कुणी शिकवली?"

"सगळे असंच करतात इथे," मी म्हटलं.

काइदीने भिंतीकडे बघितलं. "तिथे काय होतं? चार भोकं आहेत."

"बसचं वेळापत्रक."

मावशीला मी तेव्हाच फोन करू शकले असते. हातात फोन घेतलाही. पण आर्वेद निर्दोष आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग चोर शिरला कसा? मी फोन ठेवला आणि मुदत उलटलेली पुस्तकं ज्यांच्याकडे होती त्यांना चिठ्ठ्या लिहीत बसले. त्यातल्या दोन आस्तामावशीच्याच होत्या.

टोक

शनिवारी दुपारी तिच्या सॉनाचा धूर दिसला.

लाकडाचा धूर निळसर असतो. हा काळा होता आणि झुळकीबरोबर त्यात काळ्या पापुद्र्यांचे तुकडे उडत होते. मी घसरगाडी ढकलत बर्फावरून निघाले. दीड किलोमीटर. इतकी भरभर मी शाळेनंतर कधी गेले नव्हते.

घराच्या दाराला केरसुणी टेकवलेली होती. मागे गेले, सॉनाकडे. सॉनाच्या दारालाही केरसुणी. आत कुणी नाही, असं ती सांगत होती. आत कुणीतरी खोकत होतं.

मी केरसुणी उचलून बाजूला ठेवली आणि दार उघडलं.

अंगठा

आस्तामावशी भट्टीसमोर तीन पायांच्या स्टुलावर बसली होती. शेजारी चौकड्यांच्या वह्यांचा ढीग. प्रोग्रॅम करण्याआधी आर्वेदने हाताने काढलेले तक्ते, मग प्रोग्रॅमचे कच्चे खर्डे. तिच्या हातात एक वही उघडी होती.

"केरसुणी दिसली नाही?" तिने मागे न बघता विचारलं.

"दिसली."

"मग?"

"मावशी, ते त्याचं नव्हतं."

"तू म्हणालीस त्याचं होतं."

"मी म्हणाले, मशीन म्हणतंय. मशीनने चौथीबद्दल म्हटलं होतं. त्याची तिसरी होती. चौथी दुसऱ्याच कुणीतरी केलीय, त्याची घेऊन, आत चोर बसवून. काइदीने काल दोन्ही बघितल्या."

"काल?"

"काल."

तिने वही मिटली.

"आणि गुरुवारी तुला काय माहीत होतं?"

हाच तो अंगठा.

"गुरुवारी सकाळी मी भिंतीवरचा कागद काढला," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्या यायच्या आत. लाल चौकट आली तर दाबा, फोल्डरला सूट द्या, हे मीच लिहिलं होतं, मीच घरोघरी जाऊन शिकवलं होतं. चोर तिथून शिरला. चौथी आवृत्तीसुद्धा मीच वाटली. आणि आर्वेदने मला दोनदा सांगितलं होतं, 'त्या पानावरून कुणीही उचलून बदलेल, म्हणून आपल्या बायकांनी हा प्रोग्रॅम फक्त माझ्या किंवा आस्ताच्या हातून घ्यायचा, दुसरीकडून नाही, असंही लिही.' मी नाही लिहिलं. कॉफीच्या कपाचं लिहिलं, आणि मग जागा उरली नाही."

भट्टीत काहीतरी फुटलं. तिने भट्टीचं दार ढकलून बंद केलं.

"म्हणजे गुरुवारी मी विचारलं तेव्हा," ती सावकाश म्हणाली, "तुला तुझा कागद वाचवायचा होता."

"हो."

"मेलेल्या माणसाच्या नावावर."

"हो."

"चार वह्या गेल्या," ती म्हणाली. "पाच राहिल्यात. पहिल्या चार होत्या त्या हाताने काढलेल्या. माझ्या आईचा हातमोजाही त्यात होता."

राहिलेल्या वह्या तिने माझ्या हातात दिल्या. त्या गरम होत्या.

"बाहेर ने. इथे दमट होतील. आणि टेबलावर कागद आहे, पेन आहे. बस लिहायला. चाळीस जणींना आधी. साल्मेच्या नावाने नाही, तुझ्या. काय झालं, कुणामुळे झालं, कुठली फाईल उघडायची नाही, सगळं. मी वाचेन. सॉना तयार व्हायला अजून तास आहे."

मी लिहिलं. तिने दोनदा परत केलं. पहिल्यांदा म्हणाली, "यात तू कुठेच नाहीस." दुसऱ्यांदा म्हणाली, "आता यात तू फारच आहेस." तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही. चष्मा काढला आणि मला सॉनाचा टॉवेल दिला.

*(ग्रंथालयाच्या भिंतीवरचा कागद. तीच चार भोकं.)*

कुठलीही लाल चौकट आल्यास
१. घाबरा. थोडंसं.
२. काही दाबू नका. नाव आणि फाईलची जागा कागदावर उतरवा.
३. नेटची वायर काढा.
४. तीच चौकट दुसऱ्या दिवशीही आली, तर काढून टाकणं पुरेसं झालेलं नाही. कॉफी करू नका. काइदीला फोन करा.
५. क्वारंटाइनमधलं काही परत बाहेर काढू नका, कुणाचंही असलं तरी.
६. पासवर्ड बदला, स्वच्छ संगणकावरून. ओळखपत्र काम झालं की पाकिटात. (साल्मे!)
७. कुठल्याही फोल्डरला सूट नाही.
८. हातमोजा फक्त आस्ताच्या हातून घ्यायचा. हे आर्वेदने सांगितलं होतं. मी लिहिलं नव्हतं.
— माइरे

सोमवारी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. तिसरी आवृत्ती स्वच्छ, नोंद केली आहे. काइदीने ग्रंथालयाचा आणि अकराही घरांतले संगणक पुसून नव्याने भरले. त्याला तीन आठवडे लागले, तेवढ्या काळात बायका वहीवर पेन्सिलीने तक्ते काढत होत्या आणि कुरकुरत होत्या. मग मी मावशीच्या ताब्यात दिलेली काडेपेटीतली पेनड्राइव्ह तिने एका गुरुवारी आणली आणि एकेकीच्या संगणकात स्वतः घातली.

सातव्या ओळीवर साल्मेने हरकत घेतली. "आर्वेदच्या फोल्डरलाही नाही? आता तर तो स्वच्छ निघाला."

"त्यालाही बघू दे रोज," मावशी म्हणाली. "बोटीवर त्याचा रेडिओ रोज तपासायचे. तो कधी रागावला नाही."

साल्मेने हातमोजा उघडला. आम्ही सगळ्या सवयीने थांबलो. चौकट आली नाही. आता त्याला ओळखतात ना. तक्ता थेट उमटला, आठ रंगांत.

"आला नाही गं," साल्मे हळूच म्हणाली.

मावशीने सुया उचलल्या. महिन्यापूर्वीचा तोच हातमोजा होता, टोकापर्यंत झालेला, अंगठ्याच्या जागी निळा दोरा. तो तिने माझ्या मांडीवर टाकला.

"अंगठा तू कर," ती म्हणाली. "आणि टाके मोज. मी बघणार आहे."